बुऱ्हाणपूरचा मे महिना आणि वाइनचं कपाट

वाइन कूलर बघायला दुकानात गेलं की आधी दाखवतात ते काचेचं दार, आतला निळा दिवा आणि सरकणाऱ्या लाकडी फळ्या. बाटल्या किती मावतात, कुठले रंग आहेत, हप्ते किती पाडून मिळतील, हेही सांगतात. बाहेर 44 अंश असताना आत किती राहील, हे विक्रेता आपणहून सांगत नाही आणि गिऱ्हाइकालाही विचारायचं सुचत नाही. बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याने मात्र याच प्रश्नापासून सुरुवात करावी. इथे कपाट निवडताना मे महिना डोळ्यांपुढे ठेवला नाही, तर पैसे वाया जातात आणि बाटल्याही.

आपलं गाव तापीच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहे. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातली बहुतेक वाइन तिथे होते, आणि तिथले वाइनवाले उन्हाळा दारापर्यंतही येऊ देत नाहीत. द्राक्षतोड जानेवारी ते मार्चमध्ये, तीही पहाटेच्या गारव्यात. रस थंड केलेल्या पोलादी टाक्यांत, पिंपं वातानुकूलित दालनात. ही सगळी काळजी बाटली कारखान्याच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतच. पुढे ट्रक, गोदाम, दुकान, आणि शेवटी रावेर-बुऱ्हाणपूरकडच्या केळीच्या पट्ट्यातलं एखादं घर, जिथे मे महिन्यात रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागते.

या गावाला दारूचा आणि गारव्याचा प्रश्न नवा नाही. अकबराचा मुलगा दानियाल 1605 मध्ये इथेच वारला, दारूच्या व्यसनाने. त्याच्यावर पहारा होता, तरी बंदुकीच्या नळीत भरून दारू आत पोहोचवली गेली, असं जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. जहांगीरचा मुलगा परवेझ 1626 मध्ये याच गावी, याच कारणाने गेला. त्याआधी 1615 मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो सुरतेहून जहांगीरच्या दरबाराकडे जाताना बुऱ्हाणपुरात थांबला होता. त्याने परवेझला नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली. शहजादा त्या पिऊन असा पडला की ठरलेली पुढची भेट झालीच नाही. दोन शहजादे गमावलेल्या गावात बसून वाइन कशी जपायची ते लिहिताना हा इतिहास मला बाजूला ठेवता येत नाही. घरात किती बाटल्या हव्यात, या प्रश्नाला बुऱ्हाणपुरात जास्तच वजन आहे.

गारव्याची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. त्याच 1615 साली, अब्दुल रहीम खानखानान इथे असताना, कुंडी भंडाऱ्याचं काम झालं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभराहून अधिक कुंड्यांची ओळ जोडत, शहरापर्यंत आणलं. मुघलांच्या आबदारखान्यात पेय गार करायला सोरा वापरत. ती कृती अबुल फजलने आईन-ए-अकबरीत दिली आहे: पाण्याने भरलेली कथलाची किंवा चांदीची सुरई तोंड बंद करून सोरा विरघळवलेल्या पाण्यात हलवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो आणि पाणी दहा अंशांहून जास्त उतरू शकतं. अकबराचा दरबार पंजाबात गेल्यावर तिथे डोंगरातला बर्फ मिळू लागला. बुऱ्हाणपूरच्या वाट्याला तो येणं शक्य नव्हतं.

जुन्या वाड्यात राहणारी माणसं इथे हमखास विचारतात, आमच्याकडे तळघर आहे, मग यंत्र कशाला? युरोपात वाइन तळघरातच ठेवतात हे खरं. शॅम्पेन प्रांतातल्या चुनखडीच्या भुयारांत बारा महिने 10 ते 12 अंश असतात. पण त्याचं श्रेय भुयाराला नाही, तिथल्या हवेला आहे. जमिनीखाली काही मीटर उतरलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीपाशी स्थिरावतं. उत्तर फ्रान्सची सरासरी दहा-अकराच्या आसपास, आपली पंचविशीच्या पुढे. बुऱ्हाणपूरचं कितीही खोल तळघर मे महिन्यात सुखाचं वाटेल, पण वाइनला ते उबदारच. एक गुण त्यात जरूर आहे: तिथला पारा दिवसरात्र फारसा हलत नाही. वाइनच्या दृष्टीने हेही मोलाचं आहे. ज्याच्याकडे असं तळघर आहे आणि बाटल्या पावसाळ्याआधी संपणार आहेत, त्याने तिथेच ठेवाव्यात. माळ्यावरच्या पत्र्याखाली ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

उष्णतेने वाइनचं नेमकं काय होतं? वाइन साठवायला 12 ते 14 अंश चांगले मानतात. पंचविशीच्या वर ती झपाट्याने म्हातारी होते. तिशीच्या पुढे काही आठवडे राहिली की फळाचा ताजा वास जातो आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखा जड गोडसर वास येऊ लागतो. पांढरी वाइन पिवळसर तपकिरी होत जाते. द्रव फुगतो, बुचाला आतून दाब बसतो, बूच वर सरकतं आणि कडेने चिकट ओघळ दिसतो. रात्री पारा उतरला की आतला द्रव आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. या चढउतारानेच घात होतो. नाशिकच्या रोजच्या वाइनना आता बहुतेक फिरकीचं झाकण असतं. त्यामुळे बूच सुकायची भीती उरली नाही, पण बाटली तापली होती की नाही हे बाहेरून ओळखायची खूणही गेली.

म्हणून माझ्या मते कपाटाआधी दुकान निवडावं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामातून आलेली, उन्हाच्या काचेत मांडून ठेवलेली बाटली घरी आणून 12 अंशांत ठेवली तरी जे गेलं ते परत येत नाही. ज्या दुकानात एसी चालू असतो आणि माल हलता असतो, तिथून डिसेंबर ते फेब्रुवारीत खरेदी करावी. लेबलावरचा बाटलीत भरल्याचा महिना वाचावा. दोन उन्हाळे फळीवर काढलेली पांढरी वाइन स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. एवढं पाळलं तर बऱ्याच घरांत वाइन कूलरची गरजच उरणार नाही.

आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक वाइन जपून ठेवण्यासाठी केलेलीच नसते. नारायणगावला शामराव चौगुलेंनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन सुरू केली. सुलाची पहिली वाइन 2000 मध्ये आली. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिकभोवती कारखाने उभे राहिले. त्यांचा मोठा भर आहे तो ताज्या, हलक्या वाइनवर: शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, रोझे, साधी शिराझ. या वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या. काही वर्षं ठेवल्यावर सुधारतील अशा थोड्याच आहेत. अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, सुलाची रासा, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह ही त्यातली नावं. तुमच्या घरात येणारी बाटली पंधरवड्यात संपत असेल, तर फ्रिजचा सर्वांत खालचा कप्पा किंवा भाजीचा ट्रे पुरेसा आहे. फ्रिज 4 अंशांच्या आसपास असतो. पांढरी काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवली की पिण्याजोगी होते, लाल अर्ध्या-पाऊण तासाने. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला 16-18 अंशांच्या खोल्यांतून आलेला आहे. आपल्या 38 अंशांच्या बैठकीत तो पाळला तर नुसती दारूच नाकात शिरते.

मग कपाट कोणाला लागतं? ज्याच्या घरात डझनभर किंवा जास्त बाटल्या कायम असतात आणि त्यातल्या काही किमान एक उन्हाळा ओलांडणार आहेत, त्याला. पुढचं त्याच्यासाठी.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एक पेल्टियर पद्धतीची, म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक. हिच्यात कॉम्प्रेसर नसतो. वीज सोडली की एका चकतीची एक बाजू गार होते, दुसरी तापते, आणि पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. आवाज नाही, थरथर नाही, किंमत कमी, दिसायला देखणी. भेट म्हणून हीच दिली जाते. पण ही चकती बाहेरच्या हवेपेक्षा फार तर 15 ते 20 अंश खाली जाऊ शकते. पुण्यात-नाशकात बाहेर 28 असेल तेव्हा आत 12 मिळतात आणि सगळे खूश असतात. बुऱ्हाणपूरच्या स्वयंपाकघरात दुपारी 40 असतील तर आत 20 ते 25. पहाटे खोली 30 वर आली की आत 12-14. म्हणजे ज्या चढउताराने वाइन बिघडते, तोच रोज या कपाटात घडतो. शिवाय उन्हाळ्यात ते हवं ते तापमान गाठतच नाही, म्हणून क्षणभरही थांबत नाही. 70 वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला दीड युनिटाहून जास्त, महिन्याला पन्नासच्या घरात. एवढी वीज खाऊन बाटल्या कोमटच. हॉटेलच्या खोल्यांत असतो तो अमोनियावर चालणारा आवाजविरहित मिनीबारही कडक उन्हाळ्यात असाच हात टेकतो. बुऱ्हाणपूर, भुसावळ, जळगाव, अकोला या पट्ट्यात कोणीही थर्मोइलेक्ट्रिक कपाट घेऊ नये, असं मी कसलीही सवलत न ठेवता सांगेन.

दुसरी जात कॉम्प्रेसरची, म्हणजे आपल्या फ्रिजचीच पद्धत. इथे घ्यायचं तर हेच. पण इथेही एक अक्षर तपासायचं राहून जातं. फ्रिजच्या जातीच्या यंत्रांना हवामानाचा वर्ग दिलेला असतो आणि तो मागच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. एन म्हणजे 16 ते 32 अंशांच्या खोलीसाठी, एसटी म्हणजे 38 पर्यंत, टी म्हणजे 43 पर्यंत. थंड प्रदेशांसाठी एसएन आहे, तो 10 ते 32. युरोपच्या बाजारासाठी बनलेलं महागडं कपाट एन वर्गाचं असू शकतं. ते मे महिन्यात इथे सतत धापा टाकेल आणि त्याचं आयुष्य घटेल. बुऱ्हाणपूरला टी वर्गाखाली उतरूच नये. आणि आपल्या उन्हाळ्यापुढे टीसुद्धा 43 वर थांबतो, हेही लक्षात ठेवावं.

इथे घराची रचना कामाला येते. बुऱ्हाणपुरात बहुतेक घरी उन्हाळ्यात वाळ्याचा किंवा गवताचा डेझर्ट कूलर लागतोच. आपला मे महिना कोरडा असतो. बाहेर 43 असताना ओल्या जाळीतून आलेली हवा तिशीच्या खाली उतरते आणि ती खोली दुपारी 30-32 वर राहते. वाइनचं कपाट त्याच खोलीत, कूलरचा झोत थेट अंगावर येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं, तर यंत्राला 43 ऐवजी 32 अंशांशी झगडावं लागतं. कपाटाच्या किमतीत दुपटीने फरक पडला तरी एवढा फायदा होणार नाही, जेवढा नुसती जागा बदलून होतो. जुन्या धाब्याच्या घरात माजघर ही उत्तम जागा: जाड भिंती, चारही बाजूंना खोल्या, ऊन कुठूनच नाही. सर्वांत वाईट जागा म्हणजे पश्चिमेची भिंत असलेलं स्वयंपाकघर आणि गच्चीवरची खोली, आणि हौसेने बांधलेले घरचे बार बहुधा गच्चीवरच असतात. पावसाळ्यात खेळ उलटतो. हवा दमट, कूलरचा उपयोग नाही, काचेवर दव धरतं आणि लेबलांना बुरशी लागते. तेव्हा दाराची रबरी किनार आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावी आणि दार उगाच उघडू नये.

कपाट फर्निचरमध्ये बसवायचं असेल तर हवा कुठून बाहेर पडते ते बघूनच सुताराला माप द्यावं. पुढच्या बाजूने, पायाशी जाळी असलेलं मॉडेल खाचेत बसतं. मागून उष्णता टाकणारं मॉडेल खाचेत कोंडलं तर स्वतःच्याच गरम श्वासात गुदमरतं. त्याला मागे आणि बाजूला चार बोटं तरी मोकळी हवीत, वर त्याहून जास्त. इंटिरियरवाले इथे घाई करतात. चित्रात दोन्ही मॉडेलं सारखीच दिसतात.

दोन कप्प्यांचं, दोन तापमानांचं कपाट घ्यावं का? माझा कल नाहीकडे आहे. एकाच कप्प्यात 12-13 अंश ठेवले की लाल आणि पांढरी दोन्ही सुखाने राहतात. पांढरी पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये, फेसाळ तासभर, लाल दहा मिनिटं बाहेर. दुसऱ्या कप्प्यासाठी मोजलेले पैसे जाड भिंतीच्या आणि दुहेरी काचेच्या कपाटात घातलेले बरे. काच गडद किंवा अतिनील किरण अडवणारी असावी. उजेडानेही वाइन बिघडते, विशेषतः पारदर्शक बाटलीतली. लाकडी दाराचं मिळालं तर आणखी चांगलं, मग पाहुण्यांना बाटल्या दिसल्या नाहीत तरी चालेल. बाटल्यांचा आकडा सडपातळ बोर्दो बाटलीवरून काढलेला असतो. फेसाळ वाइनच्या जाड बाटल्या आणि बर्गंडीच्या पोटाच्या बाटल्या ठेवल्या की चोवीसच्या कपाटात अठरा-वीस बसतात. कॉम्प्रेसरच्या थरथरीचा बाऊ मात्र करू नये. घरात दोन-चार वर्षं ठेवायच्या वाइनला त्याने काही होत नाही, उष्णतेने होतं.

विजेबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण इथे उन्हाळ्यात व्होल्टेज कमी-जास्त होतं आणि वळवाच्या वादळात लाइट तासन्‌तास जाते. एका उन्हाळ्यात ओळखीच्या घरी व्होल्टेजच्या एका झटक्याने नव्या कपाटाची कंट्रोल प्लेट जळाली, आणि सुटा भाग येईपर्यंत अर्धा मे उलटला. स्टॅबिलायझर पहिल्या दिवसापासून लावावा, आणि तो लाइट आल्यावर काही मिनिटं थांबून वीज सोडणारा असावा, म्हणजे कॉम्प्रेसर दाबाखाली सुरू होत नाही. लाइट गेली की दार उघडू नये. भरलेलं कपाट रिकाम्यापेक्षा गारवा जास्त वेळ धरतं, म्हणून जागा उरली असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात.

दुरुस्तीचा विचारही घेतानाच करावा. महागड्या परदेशी कपाटांची सेवा बहुधा इंदूरहून येते, आणि इंदूर आपल्यापासून सुमारे 180 किलोमीटर. नव्या कपाटांत बहुतेक आर 600 ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेणारा वायू आहे. गॅस भरायला येणाऱ्या मेकॅनिकला तो हाताळायची सवय आहे का, हे आधी विचारावं. जुन्या गॅसच्या सवयीने उघड्या ज्योतीवर सांधे जोडणारा माणूस अशा कपाटाला हात लावायला नको.

याच कारणाने मला एक साधा मार्ग सर्वांत जास्त पटतो, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. एकदारी, लहान, साधा घरगुती फ्रिज घ्यायचा आणि भिंतीवरचा प्लग व फ्रिज यांच्यामध्ये तापमान नियंत्रक बसवायचा. नियंत्रकाची तार दाराच्या रबरातून आत सोडायची आणि तिचं टोक पाण्याने भरलेल्या बाटलीला टेपने चिकटवायचं. 13 अंशांवर लावलं की फ्रिज 14-15 ला सुरू होतो आणि 13 ला बंद. असे नियंत्रक हजार-दोन हजारांत मिळतात. गावातला कुठलाही फ्रिजवाला हा संच दुरुस्त करू शकतो, आणि आपल्या बाजारासाठी केलेला फ्रिज आपला उन्हाळा सोसायलाच बनवलेला असतो. फळ्या सपाट असल्याने बाटल्या गडगडतात, त्यासाठी खाली लाकडी पट्ट्या ठोकाव्या लागतात. बैठकीत तो शोभणार नाही. पण वाइनला हवं ते सगळं तो करतो, आणि खर्च चांगल्या कपाटाच्या निम्म्याहून कमी.

यंत्रच नको असेल, तर माठाचं शास्त्र आहेच. कोरड्या मे महिन्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली वाऱ्यात ठेवली की पंचविशीच्या आसपास उतरते. पुढचं काम बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत वीस मिनिटांत होतं.

आता कायदा. नाशिक रोडला गाडीत बसलं की मनमाड, जळगाव, भुसावळ करत थेट बुऱ्हाणपूर, त्यामुळे पिशवीत बाटल्या टाकून आणायचा मोह होतो. पण दारूचा कायदा राज्यागणिक वेगळा आहे. महाराष्ट्रात रीतसर घेतलेली बाटली सीमा ओलांडली की मध्य प्रदेशच्या अबकारी नियमांखाली येते, आणि घरात किती ठेवता येईल यालाही मर्यादा आहे. मध्य प्रदेशाने 2022-23 च्या धोरणात घरगुती बारचा परवाना आणला. त्यासाठी वार्षिक उत्पन्न किमान 1 कोटी आणि वर्षाची फी 50 हजार रुपये ठेवली. 1 एप्रिल 2025 पासून राज्यातल्या काही धार्मिक नगरांत दारूची दुकानं बंद झाली. तापीचं उगमस्थान मुलताई त्या यादीत आहे, बुऱ्हाणपूर नाही. धोरण दर एप्रिलला बदलतं. म्हणून पन्नास बाटल्यांचं कपाट मागवण्याआधी जिल्हा आबकारी कार्यालयात त्या वर्षीची मर्यादा विचारून घ्यावी, आणि कपाटाचा आकार तिच्या आत बसवावा.

घरी आल्यावर कपाट दिवसभर उभं ठेवून मगच सुरू करावं. पहिला आठवडा एकही चांगली बाटली आत नको. पाणी भरलेल्या दोन बाटल्या ठेवायच्या, एक वरच्या फळीवर, एक खालच्या, आणि दोन्हींत साधा थर्मामीटर बुडवायचा. दारावरचा आकडा हवेचा असतो, बाटलीतला खरा. दुपारी चारला आणि पहाटे पाचला वाचून कागदावर लिहायचं. दोन वेळांतला फरक दोन अंशांच्या आत राहिला तर कपाट कामाचं. चार-पाच अंशांचा आला तर आधी जागा बदलून पाहावी, आणि तरीही सुधारणा नसेल तर परत करावं. त्यासाठी खरेदी एप्रिलच्या शेवटी करावी आणि परतीची मुदत दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी. डिसेंबरमध्ये घेतलेलं कपाट इथे कसोटीला लागेपर्यंत ती मुदत कधीच संपलेली असते.